दोन एमबीच्या आत

बुंगोमात, मटाटूच्या थांब्यामागं,
टायरच्या चपला शिवणाऱ्याला लागून माझं दुकान.
दोन कॉम्प्युटर चालतात.
तिसऱ्यावर मी चहाचा थर्मास ठेवते.
दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलंय:
अर्ज भरून मिळतील. फोटो लहान करून मिळतील.
पासवर्ड आठवून मिळणार नाहीत.
शेवटची ओळ गमतीत लिहिली होती,
पण निम्मं गिऱ्हाईक तीच वाचून आत येतं.

आज तीस जून. ज्यांनी वर्षभरात छदाम कमावला नाही
त्यांनीसुद्धा तो कमावला नाही असं
रात्री बाराच्या आत सरकारला कळवायचं.
रांग पार कणसं भाजणाऱ्या नाफुलाच्या शेगडीपर्यंत,
आणि पडद्यावर ते चाक
घाण्याच्या बैलासारखं गरगर, तेलाचा थेंब नाही.
"बंद करून चालू कर की," मोटरसायकलवाला वांजाला म्हणतो.
त्याला प्रत्येक दुखण्यावर हेच औषध ठाऊक,
आणि राग याचा येतो, की ते बऱ्याचदा लागू पडतं.

दहाच्या सुमाराला म्हातारे खाएंबा आले.
काखेत पिशवी, पिशवीत पिशवी,
तिच्यात साखर कारखान्याचं सर्व्हिस बुक.
पेन्शनचं खातं उघडत नव्हतं.
काढून दिलं होतं मुलानं, सिमियूनं,
दोहाला जायच्या आदल्या रात्री, घाईघाईत.
पासवर्ड कागदावर. कागद शर्टात. शर्ट साबणात.

म्हटलं, थांबा, एक गुप्त प्रश्न असतो.
आला प्रश्न: तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय?
म्हातारा हसला. "गाईला नाव असतं, बैलाला असतं.
कुत्र्याला कशाला? हाड म्हटलं की जातो."
बैलाचं नाव टाकलं. चूक.
गाईचं टाकलं, पहिलं अक्षर मोठं करून. चूक.
आता एकच संधी.
वांजालासुद्धा गप्प झाला.

मग म्हातारा खालच्या आवाजात म्हणाला,
"एक लंगडी कोंबडी होती.
सिमियूच्या मागं मागं शाळेच्या फाटकापर्यंत जायची.
साडू आला तेव्हा कापली मी.
पोरगं दोन दिवस जेवलं नाही.
नाव? नाव कुठं विचारलं मी."

दोहात सिमियू रात्रपाळीला, क्रेनवर.
वीस मिनिटांनी त्याचा आवाज आला, मागं लोखंड वाजत होतं:
"मलकिया, बाबा. सगळी अक्षरं लहान."
बाकी एक शब्द नाही.
मलकिया म्हणजे राणी.

उघडलं.

तर पुढची अडचण: फाइल दोन एमबीच्या आत हवी.
सर्व्हिस बुक अकरा एमबी.
एकतीस वर्षं, उसाच्या रसाचे डाग, तीन साहेबांच्या सह्या.
एक साइट आहे, फुकटातली. मी तिला धोबीण म्हणते.
गाठोडं टाकायचं, थांबायचं,
घडी घालून परत देते.
एक पॉइंट आठ.
"गाळलं काय काय तिनं?" म्हाताऱ्यानं चष्मा पुसत विचारलं.
म्हटलं, डोळ्याला दिसत नाही असं काहीतरी.
सह्या दिसतायत ना?
"सह्या दिसतायत."

साठ शिलिंग झाले. त्यानं शंभर दिले,
चाळीस मोजून परत घेतले,
आणि दारात थबकला.
"ते नाव आता सरकारच्या कॉम्प्युटरात आहे?"
आहे.
"कायमचं?"
तसंच दिसतंय.
"मग निदान सरकारदरबारी नोंद तरी झाली तिची,"
म्हणाला, आणि अंधारात पिशवीत पिशवी घालत गेला.

बाराला सात कमी. चाक अजून फिरतंय.
मी हळूच, वांजाला बघत नाही असं पाहून,
बंद करून चालू केलं.
बाहेरून नाफुला ओरडली,
कणसं संपली, रांग संपली नाही.